केळव्याच्या गर्दीत पहाटे गळ टाकायचा असेल तर: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नाशिकची मंडळी समुद्रावर गळ टाकायला जातात आणि रिकामी परत येतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता लिहायलाच घेतलं. कारण प्रत्येक वेळी जवळपास तेच असतं. आपण शिकलेलो असतो गंगापूर धरणावर, दारणेवर, नाहीतर वैतरणेच्या काठावर, तिथं पाणी एका जागी उभं असतं, मागं माणूस नसतो, आणि मासा लांब खोल पाण्यात असतो म्हणून जेवढं लांब फेकाल तेवढं चांगलं. तीच सवय घेऊन आपण पालघरजवळच्या केळव्याच्या समुद्रावर जातो. तिथं पाणी तासातासाला जागा बदलतं, मागं पोरंटोरं पळत असतात, आणि मासा बऱ्याचदा वीस-पंचवीस पावलांवर असतो. म्हणजे तिन्ही गोष्टी उलट्या.

खाली जे लिहिलंय ते केळवे धरून लिहिलंय कारण नाशिककर जास्त तिकडेच जातात, पण डहाणू-बोर्डीला पण बहुतेक सगळं लागू पडतं, सगळे किनारे सपाट आणि रविवारी भरलेले. एक विनंती, टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळला तर पुढचे तीन बिघडतात.

टप्पा १ : तारीख रविवार बघून नाही, तिथी बघून ठरवा

इथंच ८० टक्के काम होतं किंवा बिघडतं. आपण म्हणतो या रविवारी जमतंय, चला. पण समुद्राला रविवार कळत नाही, तिथी कळते.

कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. उदाहरणार्थ चतुर्थी, चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती आणि रात्री तीनच्या आसपास परत. अष्टमीला येतात सहा. त्रयोदशीला पावणेदहा. अमावास्या-पौर्णिमेला हा हिशोब थोडा कमी पडतो, तेव्हा सरळ बाराच्या आसपास धरायची. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून दिवस नक्की केल्यावर मोबाइलवर भरती-ओहोटीचं टेबल बघायचंच, आणि ते पण जवळच्या ठिकाणाचं बघा, मुंबईचं टेबल घेऊन केळवे-डहाणूला जाऊ नका, उत्तरेला भरती थोडी उशिरा येते.

आता आपल्याला हवंय काय? पहाटे साडेपाच ते आठ या वेळात चढतं पाणी. कारण आठनंतर गर्दी येते आणि चढत्या पाण्याबरोबर मासा काठाकडे खायला येतो. मग हिशोब लावा, ओहोटी पहाटे साडेतीन ते सहाच्या मध्ये पाहिजे. अशी ओहोटी मिळते त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला. या तीन तिथींपैकी एखादी रविवारी आली तर निघा. नाही आली तर शनिवारी आली का बघा, अर्धी रजा टाका, पण अष्टमीच्या रविवारी जाऊ नका. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं कमी उतरतं, आणि वर सकाळी सहाला भरती पूर्ण होऊन ते उतरायलाच लागलेलं असतं. तुम्ही उभे राहता तेव्हा मासा मागं फिरलेला असतो.

अजून एक गोष्ट समजून घ्या, ही बहुतेकांना माहीत नसते. सहा तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी चढतं. ओहोटी पावणेपाचला असेल तर तिसरा तास सुरू होतो पावणेसातला, म्हणजे उजेड पडता पडता पाणी सगळ्यात जोरात. आपल्याला तोच तास पकडायचाय. आणि धोका पण त्याच तासात आहे, ते पुढं येईलच.

थांबा : जून ते सप्टेंबर हा विषय डोक्यातून काढून टाका. खवळलेल्या समुद्रावर काठावरूनही गळ टाकायचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो पाठीवर येतो आणि लाईनला वजनासाठी बांधलेलं शिसं आपोआप पुढं जातं. दहा-अकराला वारा फिरून समोरून खारा वारा सुरू झाला की लाईनला पोट पडतं आणि मजा जाते.

टप्पा २ : सामान घरीच पूर्ण करा, किनाऱ्यावर गाठी मारायच्या नाहीत

धरणावरचा सात फुटी रॉड इथं चालत नाही, म्हणजे मासा लागणारच नाही असं नाही, पण लाटांच्या वर लाईन धरता येत नाही आणि प्रत्येक लाट शिसं ओढून काठावर आणून टाकते. दहा ते बारा फुटांचा रॉड घ्या. रील चार हजार ते सहा हजार साइजचं. ब्रेड लाईन, म्हणजे विणलेल्या धाग्याची, वीस ते तीस पाऊंड ताकदीची.

शिसं ८० ते १०० ग्रॅमचं, आणि गोल अजिबात नको. गोल शिसं वाळूवर गोट्यासारखं घरंगळतं आणि शेजारच्याच्या लाईनमध्ये जाऊन बसतं, गर्दीत निम्मी भांडणं याच्यावरून होतात. पिरॅमिडचं घ्या, चौकोनी टोकदार, ते वाळूत रुततं.

आता शॉक लीडर. हा जो भाग आहे तो माशासाठी नाही, माणसांसाठी आहे. जोरात फेकताना बारीक ब्रेड तुटली तर शंभर ग्रॅमचं शिसं मोकळं सुटतं आणि कुठं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. म्हणून पुढं जाड मोनोफिलामेंट लावायची. हिशोब असा की साधारण २८ ग्रॅम शिशाला १० पाऊंड ताकद, म्हणजे १०० ग्रॅमला ३५-४० पाऊंडची लाईन. लांबी रॉडच्या दुप्पट अधिक रीलवर पाच-सहा वेढे, बारा फुटी रॉडला तीसेक फूट धरा. गाठ डबल युनी चालते, घरी पंख्याखाली बसून निवांत मारायची, थुंकी लावून हळूहळू आवळायची, आणि मग हाताला फडकं गुंडाळून पूर्ण जोर लावून ओढून बघायची. सुटायची असेल तर घरी सुटू दे.

रिग पण घरीच बांधा, कमीत कमी सहा. खाली शिसं, वर दोन छोट्या फांद्यांना दोन गळ, बस, याच्यापेक्षा काही नको. गळ सर्कल टाइपचे, म्हणजे टोक आत वळलेले, एक नंबर किंवा एक बाय शून्य, आणि पक्कडने काटा दाबून टाका, म्हणजे माशाला लागलेला गळ सोडवायला सोपा आणि चुकून माणसाला लागलाच तरी निघतो. बांधलेले रिग मी जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यांवर गुंडाळून ठेवतो, गळाचं टोक रबरात खुपसायचं, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत. पहाटे साडेपाचला गार बोटांनी, टॉर्चच्या उजेडात, एक तुकडा काढायचा, क्लिप लावायची, झालं. जो माणूस तिथं वाळूत बसून रिग बांधतो त्याचा तो चांगला तास गाठीतच जातो.

बाकी सामान पटकन: डोक्याला लावायची टॉर्च, चार फुटी पीव्हीसी पाइपचे रॉड स्टँड, लांब नाकाची पक्कड, कात्री, जाड हातमोजे, झाकणाचा डबा कचऱ्यासाठी, आणि थर्मासमध्ये कडक गरम पाणी. चहाचा थर्मास वेगळा. गरम पाणी कशाला ते टप्पा ८ मध्ये.

तपासा : नवीन रॉड पहिल्यांदा किनाऱ्यावर उघडायचा नाही. आधी दोन वेळा मोकळ्या जागेत गळ न लावता नुसतं शिसं फेकून बघा. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी जॉगिंगवाले असतात, तिथं चुकूनही नको. धरणाचा रिकामा काठ चांगला. तीस पावलांवर, पन्नास पावलांवर, असं ठरवून टाकता आलं पाहिजे. लांब जाण्यापेक्षा ठरल्या जागी पडणं महत्त्वाचं.

टप्पा ३ : चारा नाशिकहून नेऊ नका

नाशिकच्या बाजारात येणारी कोळंबी आधीच बर्फात प्रवास करून आलेली असते, ती परत चार तास गाडीत गेली की लिबलिबीत होते आणि पहिल्याच फेकीत गळावरून उडून जाते. मग आपल्याला वाटतं मासा चारा खाऊन गेला. मासा आलेलाच नसतो. कणकेचे गोळे तर विसराच, ते रोहू-कटल्यासाठी, लाटेत मिनिटभर टिकत नाहीत.

शनिवारी दुपारी पालघर भागात पोहोचल्यावर ताजी कोळंबी घ्या, मध्यम आकाराची, पाव किलो दोघांना पुरते. जोडीला माकूल (स्क्विड) मिळालं तर उत्तम, ते चिवट असतं, त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या. बर्फात ठेवताना पिशवीचं तोंड बांधून ठेवा, वितळलेल्या गोड्या पाण्यात कोळंबी भिजली की पांढरी पडते आणि वास जातो.

गळाला लावायची पद्धत नीट बघा. शेपटीचा पंखा तोडायचा. तिथून गळाचं टोक आत, आणि कोळंबीचा जो नैसर्गिक बाक आहे त्याच बाकाने गळ फिरवत न्यायचा, कोळंबी सरळ करायची नाही. टोक पोटाच्या बाजूने बाहेर काढायचं, पूर्ण उघडं. मग बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे, घट्ट, आणि दोरा नुसता तोडायचा, गाठ लागत नाही. टोक चाऱ्यात लपवायची धरणावरची सवय इथं नडते, सर्कल गळाचं टोक झाकलं की तो लागतच नाही.

टप्पा ४ : शनिवारी उजेडात पोहोचा

रात्री अकराला नाशिक सोडून पहाटे थेट किनाऱ्यावर, हे ऐकायला भारी वाटतं. करू नका. त्र्यंबकनंतर तोरंगण घाट, पुढं मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर असा दीडशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता, थंडीत घाटात धुकं, आणि तुम्ही झोप न झालेल्या डोळ्यांनी टोकदार गळ घेऊन गर्दीत उभे राहणार. पण खरं कारण वेगळंच आहे.

ज्या तिथी आपण निवडल्या त्या दिवशी ओहोटी पहाटे असते तशीच संध्याकाळी पण असते, चार ते सहाच्या दरम्यान. म्हणजे तुम्ही शनिवारी चार-साडेचारला केळव्याच्या सुरूच्या झाडांतून बाहेर आलात की उद्या सकाळी ज्या पाण्याखाली मासा फिरणार आहे ती सगळी जमीन तुमच्यासमोर उघडी पडलेली असते. याच्यापेक्षा चांगला नकाशा कुठलं ॲप देत नाही. आणि लोक नेमके तेव्हा हॉटेलात भजी खात बसतात.

टप्पा ५ : ओहोटीत किनारा वाचा

चप्पल काढून पाण्याच्या कडेपर्यंत चालत जा. सपाट दिसणारी वाळू सपाट नसते, पायाला कळतं. कुठंतरी किनाऱ्याला समांतर लांबट खोलगट चर लागतो, घोटाभर पाणी साठलेला, त्याच्या पलीकडे वाळूचा उंचवटा. भरती आली की लाट त्या उंचवट्यावर फुटते, वाळू उकरते, त्यातले किडे, छोटी कोळंबी, खेकड्याची पिल्लं सगळी चरात येऊन पडतात, आणि मुडदुशी, धोमा, शिंगाळा तिथंच चरत फिरतात. नशीब असेल तर रावस पण याच चराने जातो. म्हणून चारा पडायचा तो चरात.

मी पहिल्या दोन खेपा नव्वद मीटर फेकत बसलो होतो. प्रत्येक वेळी शिसं उंचवट्याच्या पलीकडे, जिथं नुसती वाळू. शेजारी एक स्थानिक काका गुडघ्याभर पाण्यात उभे राहून हातदोरीने वीस पावलांवर मुडदुश्या काढत होते, एकामागून एक, लांब चांदीच्या काडीसारख्या. त्यांनीच शेवटी हाक मारली, "मासा तुमच्या पायाशी हाय भाऊ, तुम्ही त्याच्या डोक्यावरून टाकताय." तेव्हापासून मी आधी संध्याकाळी चालतो, मगच रॉड काढतो.

चर सापडला की तो किती पावलांवर आहे ते मोजा, आणि कशावरून मोजताय ते पक्कं करा. भरतीची वरची खूण असते ना, समुद्री गवत, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची जी ओळ पडलेली असते, तिथून मोजा. मग वळून मागं बघा आणि एखादं वेगळं दिसणारं झाड किंवा बंगल्याचा दिवा लक्षात ठेवा, पहाटे अंधारात तीच खूण कामाला येते. मोबाइलवर एक फोटो समुद्राकडून झाडांकडे, एक झाडांकडून समुद्राकडे.

त्याच फेरीत अजून दोन गोष्टी. वाळूत रोवलेले खुंट किंवा जाळी दिसली तर तिथून लांब, ती कुणाच्यातरी पोटाची आहेत. आणि तिथल्या माणसाला विचारा, "काका, उद्या सकाळी इथं गळ टाकला तर चालेल ना? जाळं कुठं लावलंय का?" एवढं विचारलं की तेच लोक सकाळी स्वतःहून सांगतात आज कुठं उभं राहायचं.

थांबा : गाडी वाळूवर उतरवायची नाही. ओहोटीत घट्ट वाटणारी वाळू भरती आली की चाकाखालून जाते, आणि मग माणसं मासे सोडून गाडी ढकलत बसतात.

टप्पा ६ : पहाटे जागा घ्या, पण गर्दीच्या कडेला

पाचला उठा, साडेपाचला किनाऱ्यावर. किनारा पश्चिमेकडे आहे, सूर्य पाठीमागून झाडांवरून येतो, त्यामुळे समोरच्या पाण्यावर उजेड उशिरा पडतो. डिसेंबर-जानेवारीत सातला सूर्य उगवतो असं धरा, म्हणजे दीडेक तास टॉर्चवर काम. पौर्णिमेला मात्र समोर समुद्रावर चंद्र मावळत असतो आणि लाटेची कड न् कड दिसते, टॉर्च बंद करून उभं राहावं असं वाटतं.

जागा कुठली घ्यायची? शीतलादेवी मंदिराच्या समोरचा आणि मुख्य वाटेचा पट्टा सोडा, तिथं लोक अंधारातच पाय भिजवायला येतात. घोडागाड्या फिरतात तो भाग सोडा. चर लांबलचक असतो, त्याचं गर्दीपासून लांबचं टोक पकडा. शेजारच्या गळवाल्यापासून कमीत कमी वीस पावलं, आणि तो आधीपासून उभा असेल तर विचारून. विचारल्याशिवाय मध्ये घुसणं हे धरणावर चालत नाही तसं इथं पण चालत नाही.

बॅग, चाऱ्याचा डबा, थर्मास हे सगळं त्या थर्माकोलच्या ओळीच्या वर. स्टँड ओल्या वाळूत दीड फूट आत, पाण्याच्या दिशेने जरा झुकवून. आणि चाऱ्याच्या डब्याला झाकण पाहिजेच. किनाऱ्यावर कुत्री असतात, गळासकट कोळंबी वाळूवर राहिली तर कुत्रं ती गिळतं. हे मी एकदा समोर बघितलंय, गळ घशात, कुत्रं केकाटत पळालं आणि मागं लाईन ओढत गेलं, आम्हाला ते परत सापडलं नाही. चारा लावलेला गळ एकतर पाण्यात किंवा रॉडला अडकवलेला, तिसरी जागा नाही.

टप्पा ७ : फेकण्याआधी तीन वेळा बघा

मागं. डावीकडे-उजवीकडे. वर. या क्रमाने, प्रत्येक वेळी, शंभराव्या फेकीला पण. मागं बघताना टॉर्च पाठीमागं फिरवा, अंधारात लहान मूल दिसत नाही.

मग मोठ्याने बोला, "टाकतोय." लाजू नका. दोन-तीन वेळा बोललं की आजूबाजूचे आपोआप लांब राहतात, आणि पोरं असतील तर तीच एकमेकांना सांगतात काका टाकतायत, मागं हो.

गर्दीत फक्त डोक्यावरून सरळ फेकायचं. बाजूने झोका देऊन फेकणं बंद, ते रिकाम्या किनाऱ्यावर. शिसं रॉडच्या टोकापासून तीन फूट खाली लोंबू द्या, रॉड खांद्यावरून मागं, एक श्वास थांबा म्हणजे शिसं स्थिर होतं, मग खालच्या हाताने ओढत वरच्या हाताने ढकलत पुढं. बोटाला जाड हातमोजा किंवा टेप, नाहीतर ब्रेड कापते. जोर सत्तर टक्के. तुम्हाला चाळीस पावलांवर टाकायचंय, स्पर्धा नाहीये.

तपासा : दर चार-पाच फेकींनी लीडरच्या गाठीवरून नख फिरवा. खरखर लागली किंवा केसासारखा दोरा बाहेर आला तर कापून नवीन. वाळू आणि शिंपले लाईन घासतात, धरणात असं होत नाही म्हणून आपल्या हाताला ही सवय नसते. आणि आजूबाजूला कुणी पोहायला उतरलं तर आपण थांबायचं, गळ बाहेर. आधी कोण आलं तो प्रश्नच नाही.

टप्पा ८ : थांबणं, ओढणं, सोडवणं

शिसं तळाला लागलं की लाईनची ढिलाई काढून ताणून घ्या, रॉडच्या टोकाला हलकासा बाक राहिला पाहिजे. लाट आली की टोक सावकाश झुकतं आणि सावकाश परत येतं. मासा वेगळा कळतो, टकटक टक, लाटेच्या तालात न बसणारं. किंवा एकदम लाईन ढिली पडते, म्हणजे मासा शिसं उचलून तुमच्याकडे येतोय. सर्कल गळ असेल तर हिसका मारायचा नाही. इथं नाशिकचे सगळे चुकतात, मी पण चुकायचो, हात आपोआप झटकतो. रील फिरवत लाईन भरा, गळ स्वतः माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

चावा नसेल तरी पंधरा-वीस मिनिटांनी चारा बदला, धुतलेल्या कोळंबीला वास राहत नाही.

आणि सरकत राहा. पाणी चढतंय, तुम्ही मागं येताय, पण चर जागेवरच आहे. म्हणजे संध्याकाळी ठरवलेलं झाड बघून दर अर्ध्या तासाला अंतर नव्याने लावायचं, सुरुवातीला वीस पावलं होती ती सात वाजता पन्नास होतील. त्या जोराच्या तासात पाणी सपाट वाळूवर किती भराभर येतं याचा अंदाज येत नाही, तुमच्या मागच्या खोलगट भागात ते आधी भरतं आणि तुम्ही उंचवट्यावर एकटे राहता. म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि मागं पाणी दिसलं की लगेच सामान उचलायचं, अजून एक फेक असं म्हणायचं नाही.

मासा काठाशी आला की ओढाताण करू नका. लाट मागं जाते तेव्हा थांबा, लाट पुढं येते तेव्हा तिच्याबरोबर चालत मागं या, लाटच मासा वाळूवर ठेवते.

आता सोडवणं. हातात घेण्याआधी टॉर्च लावून ओळखा, हे वाक्य दोनदा वाचा.

शिंगाळा: पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे, करवतीसारखे, विषारी. पायाने दाबायचा नाही, काटा चपलेतून आरपार जातो. पक्कडने गळ काढा.

पाकट: शेपटीवर काटा. लाईन कापा, जाऊ द्या. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला, म्हणजे पाकट आधीच पळतं.

समुद्री साप: आपल्या किनाऱ्यावर असतात आणि अत्यंत विषारी असतात. लाईन लांबूनच कापा. फोटो नको.

फुग्यासारखा फुगणारा केंड: हात न लावता पक्कडने गळ काढून सोडा, घरी नेऊ नका. त्याचं विष शिजवून जात नाही.

शिंगाळा किंवा पाकटाचा काटा लागलाच तर तो थर्मास उघडा. सहन होईल इतकं गरम, भाजणार नाही इतकं, साधारण ४५ अंशांचं पाणी, त्यात हात किंवा पाय अर्धा ते दीड तास. वेदना झपाट्याने कमी होतात. पाणी आधी दुसऱ्या माणसाने हात घालून बघायचं, कारण ज्याला लागलंय त्याला त्या क्षणी गरम किती ते कळत नाही. मग दवाखाना, काटा आत मोडला असेल तर तिथं उकरत बसू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

वीतभर पण नसलेला मासा परत पाण्यात. ओल्या हाताने धरा, वाळूत लोळवू नका, लाटेत वाकून सोडा, फेकू नका.

टप्पा ९ : आठला बंद

चावे चालू असले तरी. साडेसातपासून कुटुंबं यायला लागतात, आठला फेकायला सुरक्षित जागा राहतच नाही. हा नियम स्वतःला घालून घ्या, कारण त्या वेळी मन मोडत नाही.

आवरताना गळ मोजा. सहा रिग आणले, तर सहा परत गेले पाहिजेत, तुटून पाण्यात राहिले तेवढे सोडून. वाळूत पडलेला एक गळ म्हणजे दहा वाजता कुणाच्यातरी अनवाणी मुलाचा पाय. कापलेल्या लाईनचे तुकडे झाकणाच्या डब्यात. शेजारच्याने टाकलेले पण उचला.

मासे तिथंच साफ करा, पोट काढलेलं, कल्ले काढलेले, पण आतडी किनाऱ्यावर टाकायची नाहीत, पिशवीत भरून कचऱ्यात. मग बर्फ खाली, मासे, परत बर्फ, आणि डब्याचं खालचं बूच उघडं ठेवा म्हणजे पाणी निघून जातं. चार तासांत नाशिकला मासा घट्ट पोहोचतो.

टप्पा १० : घरी आल्यावर, झोपायच्या आधी

धरणावरून आल्यावर आपण रॉड दाराच्या मागं उभा करतो आणि पुढच्या रविवारी काढतो. समुद्रावरून आल्यावर असं केलं तर तीन आठवड्यांत रील कुरकुरतं.

रीलचा ड्रॅग, म्हणजे लाईन किती जोराने सुटेल ते ठरवणारा पेच, घट्ट पिळून बंद करा, मग बाथरूमच्या शॉवरखाली बारीक धारेने गोड्या पाण्याने धुवा. पाइपची जोराची धार मारायची नाही, त्याने मीठ आत ढकललं जातं. रॉडच्या प्रत्येक कडीतून ओलं फडकं फिरवा, जोड सोडवून आतून पुसा. गळ आणि क्लिपा वाटीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं, मग कागदावर. सगळं सावलीत वाळू द्या, बाल्कनीतल्या उन्हात नको. पूर्ण वाळलं की ड्रॅग परत ढिला करून ठेवा, घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या चिकटून बसतात. आणि लीडरची गाठ त्याच दिवशी कापून टाका, पुढच्या त्रयोदशीच्या आधी नवीन मारायचीच आहे.